विश्लेषण : लहान फिशटँकमधील मासे लवकर का दगावतात? पाणवनस्पतींनी काय फरक पडतो?

वाढदिवसाची भेट म्हणून काचेचे गोल भांडे घरात येते. तळाशी रंगीत खडे, दोन गोल्डफिश आणि सोबत खाद्याची डबी. आठवड्याभरात पाणी गढूळ होते, मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात आणि महिना भरण्याआधी रिकामे भांडे माळ्यावर जाते. ‘मासे नाजूक असतात’ असा निष्कर्ष काढून घरचे मोकळे होतात. प्रत्यक्षात गोल्डफिश दहा वर्षांहून अधिक जगू शकणारा चिवट मासा आहे. तो मरतो तो पाण्यामुळे. लहान टाकीत पाणवनस्पती लावून हे पाणी राखता येते. मात्र त्यासाठी पैशांपेक्षा थोडे रसायनशास्त्र आणि बराच धीर लागतो.

मासा नेमका कशाने मरतो?

मासे शरीरातील बराचसा नत्रयुक्त कचरा कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतात. न खाल्लेले खाद्य आणि कुजणारी पाने त्यात भर घालतात. नदीत हा अमोनिया वाहून जातो. टाकीत तो साचतो आणि माशाच्या कल्ल्यांना इजा करतो.

अमोनिया किती घातक ठरणार, हे पाण्याचा सामू म्हणजे पीएच आणि तापमान यांवर अवलंबून असते. पाणी २५ अंश सेल्सिअसला आणि पीएच ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्काच विषारी रूपात असतो. उरलेला तुलनेने निरुपद्रवी अमोनियम असतो. पीएच ८ झाला की विषारी वाटा पाच टक्क्यांवर जातो, म्हणजे जवळपास दहापट. उन्हाळ्यात पाणी ३० अंशांवर गेले की तो आणखी वाढतो. त्यामुळे हिवाळाभर ठीक दिसणारी टाकी एप्रिल-मे महिन्यांत अचानक बिघडू शकते.

टाकी ‘तयार होणे’ म्हणजे काय?

निसर्गात हा अमोनिया जिवाणू संपवतात. एका गटातील जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तर दुसऱ्या गटातील नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही विषारीच. ते माशाच्या रक्तात शिरले की रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. हवेचा पंप चालू असूनही मासे धापा टाकताना दिसतात, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. नायट्रेट मात्र बरेच सौम्य असते आणि वनस्पतींचे ते अन्न असते. २०१५ मध्ये दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की ‘नायट्रोस्पायरा’ वंशातील काही जिवाणू हे दोन्ही टप्पे एकट्यानेच पार पाडतात. त्यापैकी एका गटाला हे जिवाणू मत्स्यपालनाच्या गाळण यंत्रणेत मिळाले होते.

हे जिवाणू फिल्टरचा स्पंज, वाळू, खडे आणि पानांवर वस्ती करतात. नव्या टाकीत ही वस्ती उभी राहायला साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासे न सोडता चिमूटभर खाद्य टाकून जिवाणूंना अमोनिया पुरवला जातो. पाणी नितळ दिसते म्हणजे टाकी तयार झाली, असे नाही. अमोनिया आणि नायट्राइट डोळ्यांना दिसत नाहीत. ते मोजण्याचे थेंबांचे किट मत्स्यसाहित्याच्या दुकानांत मिळते. दोन्ही आकडे शून्यावर येऊन टिकले की मगच मासे आणावेत, तेही थोडे थोडे करून.

दर रविवारी सगळे पाणी बदलणे चांगले नाही का?

माशांच्या मृत्यूचे हे सर्वांत प्रामाणिक कारण आहे. मासे काढून बादलीत ठेवायचे, खडे घासायचे, स्पंज नळाखाली पिळायचा आणि टाकी ताज्या पाण्याने भरायची, हा अनेक घरांतील रविवारचा क्रम असतो. नळाच्या पाण्यातील क्लोरिन जंतू मारण्यासाठीच घातलेले असते. त्याने महिनाभर जोपासलेले उपयुक्त जिवाणूही मरतात. भर म्हणून पाण्याचे तापमान आणि क्षार एका झटक्यात बदलतात. सोमवारी टाकी चकचकीत दिसते, पण आतून ती पुन्हा पहिल्या दिवसावर आलेली असते.

यावर उपाय साधा आहे. आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणीच बदलायचे. नवे पाणी क्लोरिन काढणारे थेंब घालून आणि टाकीइतक्याच तापमानाला आल्यावर ओतायचे. स्पंज तुंबला असेल, तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळून परत लावायचा. साबण तर टाकीच्या जवळही आणायचा नाही.

टाकी लहान असली की सांभाळायला सोपी, हे खरे का?

नेमके उलट आहे. एक फूट लांब, रुंद आणि उंच टाकीत जेमतेम २७ लिटर पाणी मावते. गोल भांड्यात बहुतेकदा पाच लिटरही नसते. पाणी जितके कमी, तितका प्रत्येक चुकीचा परिणाम मोठा. लहान मुलाने चिमटीभर जास्त खाद्य टाकले, दुपारचे ऊन काचेवर आले किंवा चार तास वीज गेली, तर ६० लिटरची टाकी ते सोसून घेईल. पाच लिटरचे भांडे सोसणार नाही. वीज गेल्यावर फिल्टर थांबतो आणि त्यातील जिवाणूंचा प्राणवायू तुटतो, हेही लक्षात ठेवण्यासारखे.

गोल भांड्याला तर फिल्टर लावायलाही नीट जागा नसते. इटलीत मोन्झा शहराने २००४ मध्ये आणि रोमने २००५ मध्ये अशा भांड्यांत मासे ठेवण्यास मनाई केली, ती प्राणीकल्याणाच्या भूमिकेतून. पहिलीच टाकी असेल तर जागेनुसार ४० ते ६० लिटरची घ्यावी. एका लिटर पाण्याचे वजन एक किलो. त्यात काच, वाळू आणि दगडांचे वजन धरून टेबल किंवा स्टँड भक्कम निवडावा.

वनस्पती नेमके काय करतात?

हा प्रश्न पावणेदोनशे वर्षांपूर्वी लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांना पडला होता. १८४९ मध्ये त्यांनी काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही रिबिनीसारख्या पानांची पाणवनस्पती ठेवली. काही दिवसांनी कुजक्या पानांनी पाणी बिघडू लागले. त्यांनी गोगलगायी सोडल्या, त्यांनी ती पाने फस्त केली आणि समतोल साधला. १८५० मध्ये त्यांनी हे निरीक्षण केमिकल सोसायटीपुढे मांडले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ केला. वॉरिंग्टन यांनी वापरलेली व्हॅलिस्नेरिया भारतातील नद्या-तलावांतही वाढते.

वनस्पती उजेडात प्राणवायू देतात, हे सर्वांना ठाऊक असते. लहान टाकीत त्याहून मोलाचे काम म्हणजे त्या नत्र शोषून घेतात. अनेक पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम अधिक पसंत करतात. म्हणजे माशाला घातक ठरणारा पदार्थ विषारी पातळीला पोहोचण्याआधीच पानांत जातो. शेवाळाचे खाद्यही त्यामुळे कमी होते. मात्र रात्री वनस्पती स्वतःच प्राणवायू वापरतात. दाट झाडोरा असलेल्या टाकीत पहाटे मासे वर येऊन श्वास घेत असतील, तर रात्री हवेचा पंप चालू ठेवावा.

झाडांच्या टाकीला खर्च फार येतो का?

तो पद्धतीवर ठरतो. एका टोकाला जपानचे छायाचित्रकार ताकाशी अमानो यांची शैली आहे. दगड, लाकूड आणि हिरवळ यांतून पाण्याखाली निसर्गदृश्य उभे करण्याचा त्यांचा छंद जगभर पसरला. लिस्बनच्या मत्स्यालयातील त्यांची ४० मीटर लांब, १ लाख ६० हजार लिटरची टाकी २०१५ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या वर्षीच खुली झाली. या शैलीत तीव्र प्रकाश, खते आणि सिलिंडरमधून सोडलेला कार्बन डायऑक्साइड लागतो. हा वायू प्रमाणाबाहेर गेला तर मासे गुदमरतात. त्यामुळे नवख्यांनी तूर्त त्यापासून लांब राहणे बरे.

दुसऱ्या टोकाला अमेरिकेतील डायना वॉलस्टॅड यांची पद्धत आहे. १९९९ मध्ये आलेल्या पुस्तकात त्यांनी तळाला मातीचा पातळ थर, त्यावर बारीक खडी, भरपूर झाडे आणि मोजकेच मासे, असा कमी साधनांचा मार्ग मांडला. रासायनिक खत न मिसळलेली साधी माती त्यासाठी चालते.

सुरुवातीला व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, जावा फर्न, अनुबियास आणि क्रिप्टोकोरीन या वनस्पती पुरेशा आहेत. जावा फर्न आणि अनुबियास यांचे जाड खोड वाळूत पुरल्यास कुजते. ते दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावे. क्रिप्टोकोरीन नव्या पाण्यात गेल्यावर पाने गाळते. ती मेली असे समजून उपटू नये, मुळांतून ती पुन्हा फुटते. याच वंशातील काही जाती सह्याद्रीतील ओढ्यांत वाढतात, पण त्या तेथून उपटून आणू नयेत. ‘लकी बांबू’ पाणवनस्पती म्हणून विकला जातो, पण त्याची पाने पाण्यात बुडाली की कुजतात. त्याउलट घरोघरी असलेला मनी प्लांट उत्तम काम करतो. मुळे टाकीत आणि पाने बाहेर ठेवली की तो नायट्रेट भराभर ओढतो.

प्रकाश दिवसाला सहा ते आठ तास पुरतो, तोही टायमर लावून ठरलेल्या वेळी. टाकी खिडकीत ठेवू नये. थेट उन्हाने पाणी तापते आणि काच शेवाळाने हिरवी होते.

पाणी नळाचे की बोअरचे?

धरणांतून येणारे पालिकेचे पाणी सहसा मृदू असते, बोअरचे आणि टँकरचे अनेक ठिकाणी जड. जड पाण्यात पीएचही बहुधा जास्त असतो आणि अमोनियाचा धोका वाढतो. शंख-शिंपले आणि संगमरवरी खडे पाण्यात विरघळून ते आणखी जड करतात, म्हणून लहान टाकीत ते टाळावेत. बाष्पीभवनाने घटलेले पाणी वरचेवर फक्त भरत राहिल्यास क्षार साचत जातात. त्यामुळे भर घालणे हा पाणी बदलण्याला पर्याय नाही.

मासे कोणते आणि किती?

गोल्डफिश लहान टाकीसाठी नव्हेच. तो वीतभर वाढतो आणि कचराही भरपूर करतो. २५-३० लिटरच्या टाकीत एक बेटा, म्हणजे फायटर मासा, सुखाने राहतो. तो पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेऊ शकतो, म्हणूनच दुकानांत त्याला पेलाभर पाण्यात ठेवतात. पण त्यात तो तग धरतो इतकेच. दोन नर एकत्र ठेवल्यास एकमेकांना फाडतात. ४५ लिटरच्या पुढे लहान रासबोरासारख्या माशांचा आठ-दहाचा थवा ठेवता येतो. चेरी श्रिंप ही बोटाच्या पेराएवढी कोळंबी शेवाळ खाऊन टाकी स्वच्छ ठेवते, पण तांबे असलेली माशांची औषधे तिला मारतात. गप्पी सोपे, मात्र त्यांची मादी थेट पिल्ले देते आणि काही महिन्यांत टाकी भरून जाते. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. चार-पाच दिवस गावाला जायचे असेल, तर निरोगी मोठे मासे उपाशी राहू शकतात. शेजाऱ्याने प्रेमाने टाकलेले जास्तीचे खाद्यच अधिक धोक्याचे.

नको झालेले मासे आणि झाडे कुठे सोडावीत?

नदी, तलाव किंवा विहिरीत तर मुळीच नाही. जीव वाचवल्याचे पुण्य लागेल या भावनेने सोडलेला मासा तिथल्या माशांच्या मुळावर उठू शकतो. काच चाटून साफ करतो म्हणून आणला जाणारा दक्षिण अमेरिकेतील सकर मासा टाकीत मावेनासा झाल्यावर पाण्यात सोडला जातो. आज तो देशातील अनेक नद्यांत पसरला आहे आणि उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यांतही येतो. त्याच्या अंगावरील कठीण कवच आणि काटे जाळी फाडतात, बाजारात त्याला भाव नाही. कोझिकोडजवळच्या आवळ पांडी येथील ओढा २०२० मध्ये गुलाबी फुलांनी भरला आणि पाहायला गर्दी लोटली. ती फुले होती कॅबोम्बाची. फिशटँकमध्ये लावली जाणारी ही वनस्पतीही मूळची अमेरिका खंडातील. गप्पींना डास निर्मूलनासाठी आरोग्य विभाग ठरावीक पाणसाठ्यांत सोडतात, पण म्हणून घरच्या गप्पींना ओढ्याची वाट दाखवणे योग्य नव्हे.

जास्तीचे मासे दुकानदाराला परत द्यावेत किंवा दुसऱ्या हौशी पालकाला द्यावेत. छाटलेली झाडे उन्हात पूर्ण वाळवूनच कचऱ्यात टाकावीत, कारण कित्येक पाणवनस्पती एका पेरापासूनही नव्याने वाढतात. टाकीतून काढलेले पाणी मात्र कुंड्यांना घालावे. त्यात नायट्रेट असते आणि गॅलरीतल्या तुळशीला ते खत म्हणून लागू पडते.