खोक्याच्या फळीचं पुस्तक

मुलांनो, तिकिटं आणि नाणी जमवणारे तुम्हाला माहीत आहेतच. पण काही माणसं ध्रुवप्रवासाच्या पुस्तकांच्या प्रथमावृत्त्या जमवतात. प्रथमावृत्ती म्हणजे पुस्तक पहिल्यांदा छापलं, तेव्हाच्या प्रती. मजकूर पुढच्या आवृत्तीतही तोच असतो. मग जुन्या प्रतीचं एवढं काय कौतुक?

याचं उत्तर ‘ऑरोरा ऑस्ट्रालिस’ या पुस्तकात सापडतं.

साल १९०८. अर्नेस्ट शॅकल्टन आणि त्यांचे १४ साथीदार अंटार्क्टिकात केप रॉइड्स इथं लाकडी झोपडीत राहत होते. हिवाळ्यात तिथं जवळजवळ चार महिने सूर्य उगवत नाही. बाहेर काळोख नि वादळं, आत रोज तीच १५ तोंडं! अशा वेळी माणसं कंटाळतात, चिडतात, खचतात. म्हणून शॅकल्टन यांनी बरोबर चक्क छापखाना नेला होता!

जॉइस आणि वाइल्ड हे दोघं निघण्यापूर्वी जेमतेम काही आठवडे छपाई शिकले होते. गारठलेल्या बोटांनी ते खिळे जुळवत. थंडीनं शाई आळायची, म्हणून तिला खालून मेणबत्तीची ऊब द्यावी लागे. चित्रं मार्स्टन यांनी काढली. प्रती निघाल्या शंभराच्या आसपास, आणि त्या विकायच्या नव्हत्याच. अंटार्क्टिकात लिहिलेलं, छापलेलं आणि बांधलेलं हे पहिलं पुस्तक!

बांधणीची तर गंमतच झाली. बर्नार्ड डे हे मोटारीचे जाणकार. त्यांनी सामानाची रिकामी खोकी फोडली, फळ्यांना रंधा मारला आणि त्यांचीच कव्हरं केली. खोक्यांवर मालाची नावं उमटवलेली होती. काही कव्हरांच्या आत ती तशीच राहिली. म्हणून संग्राहक आजही कुठल्या प्रतीला ‘बटर’ म्हणतात, तर कुठल्या प्रतीला ‘आयरिश स्ट्यू’!

पुढे या पुस्तकाचं पुनर्मुद्रण झालं. आता समजा, जुन्या प्रतीच्या मालकानं त्या ओबडधोबड फळ्या फेकून झकास नवी बांधणी केली असती, तर? मजकुरातलं एक अक्षरही कमी झालं नसतं. पण लोण्याचं खोकं फोडून पुस्तक बांधणाऱ्या माणसांची खूण मात्र कायमची गेली असती.

रविवारी घरातलं सगळ्यात जुनं पुस्तक काढा. सुरुवातीच्या पानांवर ‘प्रथमावृत्ती’ आणि साल शोधा. आजीची सही, जुनी किंमत, दुकानाचा शिक्का काय काय आहे, ते वहीत टिपा. आणि कव्हर फाटकं असलं, तरी आई-बाबांना विचारल्याशिवाय फेकू नका हं!