पर्यावरणपूरक कार्यालय

पर्यावरणपूरक कार्यालय (अन्य नाव: हरित कार्यालय) म्हणजे दैनंदिन कामकाजात वीज, पाणी, कागद व अन्य साधनसामग्री यांचा वापर आणि त्यांतून होणारे प्रदूषण पद्धतशीरपणे कमी करणारे कार्यालय होय. इमारतीची रचना, यंत्रसामग्री, खरेदीचे धोरण, कचऱ्याची विल्हेवाट आणि कर्मचाऱ्यांचा प्रवास या सर्वांचा विचार या संकल्पनेत होतो. कारखान्याप्रमाणे कार्यालयातून धूर किंवा सांडपाणी मोठ्या प्रमाणावर बाहेर पडताना दिसत नाही. त्याचा पर्यावरणावरील भार मुख्यतः दूरच्या वीजनिर्मिती केंद्रात, कागद गिरणीत, रस्त्यावर आणि कचरा डेपोत पडतो. त्यामुळे हा भार मोजणे ही या संकल्पनेतील पहिली पायरी मानली जाते.

इतिहास

१९७३ च्या तेलसंकटानंतर पाश्चात्त्य देशांत कार्यालयीन इमारतींमधील ऊर्जाबचतीकडे लक्ष वेधले गेले. सुरुवातीच्या काळात खिडक्या बंदिस्त करून आणि बाहेरून घेतल्या जाणाऱ्या हवेचे प्रमाण घटवून बचत साधण्यात आली. मात्र अशा इमारतींत काम करणाऱ्यांमध्ये डोकेदुखी, थकवा, डोळ्यांची जळजळ अशा तक्रारी वाढल्या. १९८० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने या लक्षणसमूहाची दखल घेतली. ऊर्जाबचत आणि कर्मचाऱ्यांचे आरोग्य यांचा एकत्रित विचार करण्याची गरज त्यातून पुढे आली.

१९९० साली ब्रिटनमध्ये 'ब्रीम' ही इमारतींची पर्यावरणीय मूल्यमापन पद्धती सुरू झाली. तिची पहिली आवृत्ती नव्या कार्यालयीन इमारतींसाठी होती. पर्यावरण व्यवस्थापनाचे आयएसओ १४००१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९९६ साली प्रसिद्ध झाले, तर अमेरिकेतील 'लीड' मानांकन १९९८ साली सुरू झाले. भारतात ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ नुसार २००२ साली ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची स्थापना झाली. २००७ साली मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता जाहीर करण्यात आली. २००९ साली ब्यूरोने वापरात असलेल्या कार्यालयीन इमारतींसाठी एक ते पाच तारांकनाची योजना आणली. 'गृह' ही स्वतंत्र भारतीय मानांकन पद्धतीही प्रचलित आहे.

मापन

कार्यालयाच्या ऊर्जावापराची तुलना करण्यासाठी ऊर्जा कामगिरी निर्देशांक वापरला जातो. वर्षभरात वापरलेल्या विजेच्या युनिटांना इमारतीच्या चौरस मीटरमधील क्षेत्रफळाने भागून तो काढतात. उदाहरणार्थ, १,००० चौरस मीटरच्या कार्यालयाने वर्षाला १,५०,००० युनिट वीज वापरल्यास त्याचा निर्देशांक १५० येतो. भारतीय वीजजाळ्यातील एका युनिटामागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. या हिशेबाने अशा कार्यालयाचे केवळ विजेमुळे होणारे वार्षिक उत्सर्जन सुमारे १०५ टन भरते.

हरितगृह वायूंच्या हिशेबात उत्सर्जनाचे तीन गट केले जातात. जनित्रात जळणारे डिझेल किंवा वातानुकूलन यंत्रातून गळणारा शीतकारक वायू हे थेट उत्सर्जन पहिल्या गटात मोडते. विकत घेतलेल्या विजेमुळे होणारे उत्सर्जन दुसऱ्या गटात येते. कर्मचाऱ्यांचा प्रवास, खरेदी केलेल्या वस्तू, कचरा इत्यादींमुळे होणारे अप्रत्यक्ष उत्सर्जन तिसऱ्या गटात धरले जाते. तिसरा गट मोजण्यास सर्वांत कठीण असल्याने तो पुष्कळदा हिशेबाबाहेर राहतो.

ऊर्जा

उष्ण प्रदेशांतील वातानुकूलित कार्यालयांत विजेचा सर्वांत मोठा वाटा वातानुकूलनाचा असतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या अंदाजानुसार यंत्रावरील तापमान एक अंश सेल्सियसने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते. भारतात १ जानेवारी २०२० पासून तारांकित खोली-वातानुकूलन यंत्रे सुरू होताच २४ अंशांवर असावीत, असा नियम लागू झाला. वापरकर्ता हे तापमान बदलू शकतो. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २००५ साली 'कूल बिझ' मोहीम सुरू केली. उन्हाळ्यात कार्यालयांचे तापमान २८ अंश ठेवावे आणि कर्मचाऱ्यांनी कोट व टाय घालू नये, असे तिचे आवाहन होते. पोशाखाचे संकेत आणि वीजवापर यांचा परस्परसंबंध या मोहिमेमुळे ठळक झाला.

यंत्रांच्या वापरापूर्वी उष्णता आत येऊ न देणे अधिक परिणामकारक ठरते. पश्चिमेकडील काचेच्या भिंती टाळणे, खिडक्यांवर छज्जे किंवा झडपा बसविणे, गच्चीवर परावर्तक पांढरा लेप देणे आणि जेथे शक्य असेल तेथे खिडक्या उघडता येतील अशी रचना करणे हे त्याचे परिचित उपाय आहेत. पंख्यामुळे हवा खेळती राहते, त्यामुळे किंचित अधिक तापमानही सुसह्य होते. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉट वीज घेतो, तर बीएलडीसी मोटरचा पंखा २८ ते ३५ वॉट घेतो. ३६ वॉटच्या ट्यूबलाइटऐवजी १८ ते २० वॉटची एलईडी नळी वापरता येते. खिडकीलगतच्या दिव्यांची बटणे वेगळी ठेवल्यास दिवसा तेवढेच दिवे बंद ठेवता येतात.

कामाच्या वेळेनंतर चालू राहणारी उपकरणे हा दुर्लक्षित मुद्दा आहे. रात्री व सुट्टीच्या दिवशी मीटरची नोंद घेतल्यास रिकाम्या कार्यालयाचा वीजवापर कळतो. सर्व्हरसारखी आवश्यक यंत्रे वगळता उरलेला वापर बहुधा कोणत्याही खर्चाविना थांबविता येतो.

कागद

कागदाची बचत हा कार्यालयांतील सर्वांत परिचित उपक्रम होय. पाठपोट छपाई, पाठकोऱ्या कागदांचा टिपणांसाठी वापर, प्रत्येक टेबलाऐवजी सामायिक मुद्रक आणि पुनर्चक्रित कागदाची खरेदी हे त्याचे सर्वसाधारण मार्ग आहेत. शासकीय कार्यालयांत नस्ती, टिपणी आणि आवक-जावक नोंदी यांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेली ई-ऑफिस प्रणाली वापरली जाते. २१ जून २०१२ रोजी मुंबईतील मंत्रालयाला लागलेल्या आगीत अनेक विभागांच्या कागदी नस्ती नष्ट झाल्या. अभिलेखांच्या सुरक्षिततेसाठीही संगणकीकरण आवश्यक असल्याचे या घटनेने दाखवून दिले. मात्र संगणकावरील नस्तीची पुन्हा कागदी प्रत काढून ती समांतर ठेवण्याची पद्धत चालू राहिल्यास कागद वाचत नाही, उलट काम दुप्पट होते.

पाणी आणि कचरा

कार्यालयात पाण्याचा मोठा वापर स्वच्छतागृहांत आणि पाण्यावर चालणाऱ्या वातानुकूलन संयंत्राच्या शीतकरण मनोऱ्यात होतो. नळांना हवामिश्रक जाळी लावणे, दुहेरी फ्लशच्या टाक्या बसविणे, गळती तत्काळ दुरुस्त करणे आणि प्रक्रिया केलेले सांडपाणी फ्लश, बाग किंवा शीतकरण मनोऱ्यासाठी वापरणे हे उपाय केले जातात.

महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेद्वारे अनेक प्रकारच्या प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी घालण्यात आली. १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकचे पेले, ताटल्या, चमचे यांसारख्या एकदाच वापरावयाच्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी आहे. चहासाठी त्यांच्या जागी कागदी पेले आणल्याने प्रश्न पूर्ण सुटत नाही, कारण अशा पेल्यांना आतून सहसा प्लॅस्टिकचा पातळ थर असतो आणि त्यांचे पुनर्चक्रण अवघड असते. धुऊन वापरता येणारे कप हा अधिक टिकाऊ पर्याय मानला जातो.

संगणक, मुद्रक, बॅटऱ्या यांपासून निर्माण होणाऱ्या ई-कचऱ्यात शिसे, पारा यांसारखे विषारी घटक असतात. तो अनधिकृत ठिकाणी गेल्यास उघड्यावर तारा जाळून किंवा आम्लात बुडवून त्यांतील धातू काढले जातात. त्याची झळ हे काम करणाऱ्या मजुरांना आणि आसपासच्या वस्तीला बसते. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार मोठ्या ग्राहक संस्थांनी असा कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरणकर्ता किंवा पुनर्चक्रणकर्ता यांच्याकडेच सोपविणे बंधनकारक आहे. सर्वाधिक बोली लावणाऱ्या भंगार व्यावसायिकाला संगणक विकण्याची रूढ पद्धत या नियमाशी विसंगत ठरू शकते.

प्रवास आणि जागेची निवड

रेल्वे स्थानक, मेट्रो किंवा बसथांब्याजवळ कार्यालय असल्यास कर्मचाऱ्यांच्या प्रवासातून होणारे उत्सर्जन मोठ्या प्रमाणात घटते. सायकलतळ, सामायिक वाहने आणि दूरदृश्य बैठका हे पूरक उपाय आहेत. घरून काम केल्याने उत्सर्जन नेहमीच घटते असे नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२० मधील विश्लेषणानुसार लांबून मोटारीने येणाऱ्यांच्या बाबतीत बचत होते. प्रवास मोटारीने सुमारे ६ किलोमीटरपेक्षा कमी किंवा सार्वजनिक वाहतुकीने होत असल्यास मात्र घरातील वाढीव ऊर्जावापरामुळे एकूण उत्सर्जन किंचित वाढू शकते.

भारतातील उदाहरणे

हैदराबाद येथील सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरच्या इमारतीचे उद्घाटन २००४ साली तत्कालीन राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते झाले. लीड प्लॅटिनम मानांकन मिळालेली ती भारतातील पहिली इमारत होय. नवी दिल्लीतील इंदिरा पर्यावरण भवन हे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे मुख्यालय २०१४ साली सुरू झाले. वर्षभरात लागेल तेवढी वीज इमारतीवरच निर्माण व्हावी, या उद्देशाने तेथे सुमारे ९३० किलोवॉट क्षमतेचे सौर संच बसविण्यात आले.

इन्फोसिसच्या हैदराबाद परिसरातील एका इमारतीचे दोन समान भाग करून एकात प्रचलित वातानुकूलन, तर दुसऱ्यात छतातील नळ्यांमधून थंड पाणी फिरविणारी प्रारण शीतकरण पद्धती बसविण्यात आली. दुसऱ्या भागाला शीतकरणासाठी सुमारे एक तृतीयांश कमी वीज लागल्याचे मोजणीत आढळले. एकाच इमारतीत, सारख्याच वापराखाली केलेली तुलना म्हणून हा प्रयोग महत्त्वाचा मानला जातो.

मर्यादा आणि टीका

अनेक कार्यालये भाड्याच्या जागेत असतात. वीजबचतीच्या उपकरणांचा खर्च मालकाने करावयाचा आणि कमी बिलाचा लाभ मात्र भाडेकरूला, अशी स्थिती असल्याने दोघेही गुंतवणूक टाळतात. खर्च व लाभ यांची वाटणी ठरविणारे 'हरित भाडेकरार' हा त्यावरील एक उपाय आहे. भाडेकरू बदलताच सुस्थितीतील फर्निचर, विभाजक भिंती व छताचे पत्रे काढून टाकण्याची प्रथा हाही साधनसामग्रीच्या अपव्ययाचा मोठा स्रोत आहे.

मानांकन हे इमारतीच्या आराखड्याला मिळते, तर वीज प्रत्यक्ष वापरात खर्च होते, असा आक्षेप घेतला जातो. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील संशोधकांनी २००९ साली १०० लीड मानांकित इमारतींच्या ऊर्जावापराचा अभ्यास प्रसिद्ध केला. या इमारती प्रति क्षेत्रफळ सरासरी १८ ते ३९ टक्के कमी ऊर्जा वापरत होत्या. तथापि त्यांपैकी २८ ते ३५ टक्के इमारतींचा वापर तुलनेच्या साध्या इमारतींपेक्षा अधिक होता. मानांकनाची श्रेणी आणि प्रत्यक्ष ऊर्जावापर यांचाही फारसा संबंध आढळला नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या तारांकनात मात्र आराखड्याऐवजी प्रत्यक्ष वीजवापर आधार मानला जातो.

कागद वाचविण्याच्या किंवा रोपे वाटण्याच्या दृश्य उपक्रमांना प्रसिद्धी देऊन वातानुकूलन, विमानप्रवास व खरेदी या मोठ्या बाबींकडे दुर्लक्ष करण्यालाही 'हरित देखावा' असे म्हटले जाते. भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना ऊर्जा, पाणी, कचरा व उत्सर्जन यांची माहिती विहित नमुन्यात जाहीर करणे बंधनकारक केले आहे. लहान कार्यालयांना हे बंधन लागू नाही. मात्र विजेचे मासिक बिल आणि कार्यालयाचे क्षेत्रफळ या दोन आकड्यांच्या आधारे त्यांनाही स्वतःचा ऊर्जा निर्देशांक काढता येतो.