२३ जानेवारी १९६९चं पत्र

लखनौहून रायबरेलीकडे निघालं की तेलीबाग लागतं. त्याच रस्त्याला पुढे संजय गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं मोठं रुग्णालय आणि जवळच उत्तर प्रदेश आवास एवं विकास परिषदेची वृंदावन योजना. सरकारी योजनेत घर घेणाऱ्या कुटुंबाकडे एक फाईल जपून ठेवलेली असते. नोंदणीची पावती, ‘आवंटन पत्र’, बँकेत भरलेल्या हप्त्यांची चलनं. महाराष्ट्रात म्हाडाची सोडत लागलेल्या घरात अशीच फाईल असते, फक्त तिथे ‘देकार पत्र’ म्हणतात. शब्द सरकारचा, पुंजी माणसाची. उद्या सरकारने शब्द फिरवला तर त्या फाईलमधल्या कागदांना कोर्टात किती वजन?

या प्रश्नावरचा देशातला पायाभूत निकाल याच लखनौच्या सरकारने लिहिलेल्या एका पत्रावरून लागला. ‘मोतीलाल पदमपत शुगर मिल्स विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य’ हे नाव वकिलीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. परीक्षेपुरती त्यातली दोन-तीन तत्त्वंही पाठ असतात. निकालाच्या सुरुवातीच्या पानांवर मात्र सरकारी पत्रव्यवहाराची एक हकीकत आहे. ती तारखांसकट वाचली की शब्द कसा दिला जातो आणि कसा मागे घेतला जातो, हे पायरीपायरीने दिसतं.

१९६८ साली उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट होती. १० ऑक्टोबरला ‘नॅशनल हेरल्ड’मध्ये बातमी आली की राज्यातल्या नव्या उद्योगांना तीन वर्षं विक्रीकर माफ होणार. साखरेच्या धंद्यातल्या या कंपनीने दुसऱ्याच दिवशी उद्योग संचालकांना लिहिलं: ही सवलत मिळणार असेल तर आम्ही वनस्पती तुपाचा कारखाना काढतो. १४ ऑक्टोबरला संचालकांचं उत्तर आलं, तीन वर्षं विक्रीकर लागणार नाही.

कंपनी तेवढ्यावर थांबली नाही. १२ डिसेंबरला तिचा प्रतिनिधी राज्याच्या मुख्य सचिवांना भेटला. हे मुख्य सचिव राष्ट्रपती राजवटीत राज्यपालांचे सल्लागारही होते, म्हणजे प्रशासनातला त्यांच्याइतका वजनदार अधिकारी दुसरा नव्हता. केवळ या आश्वासनावर कारखाना काढतो आहोत, असं प्रतिनिधीने त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी आश्वासनाचा पुनरुच्चार केला. दुसऱ्या दिवशी, १३ डिसेंबरला, कंपनीने काय केलं? आदल्या दिवशी झालेलं बोलणं पत्रात लिहून त्यांच्याकडे धाडलं. पुढचा सगळा खटला ज्या सवयीने तारला, ती ही.

डिसेंबर संपता संपता आलेलं सरकारी उत्तर सावध होतं. सवलतीचा विचार करायला सरकार तयार आहे, रीतसर अर्ज करा, एवढंच त्यात होतं. या उत्तराने काहीच बांधलं जात नाही, हे करार कायद्याचं पहिलं पुस्तक वाचलेलाही सांगेल. कंपनीलाही ते कळलं. कारखान्यासाठी वित्तसंस्थांकडून कर्ज उभं करायचं तर पक्का कागद हवा, म्हणून तिने पुन्हा लिहिलं. त्यावर २३ जानेवारी १९६९चं उत्तर आलं. उत्पादन सुरू झाल्यापासून तीन वर्षं, उत्तर प्रदेशात तयार होऊन विकल्या जाणाऱ्या सगळ्या वनस्पतीवर कारखान्याला करमाफी राहील. ‘विचार करू’ ही भाषा गेली होती. ठरलेल्या वेळापत्रकानुसार कारखाना उभा करायला या निर्णयाची मदत होईल, अशी आशाही पत्राखाली व्यक्त केलेली होती.

त्या आशेवर कंपनी कामाला लागली. मुंबईच्या डी स्मेट (इंडिया) कंपनीशी यंत्रसामग्रीचा करार झाला, कर्ज निघालं, बांधकाम सुरू झालं.

इकडे सरकारं बदलत होती. फेब्रुवारी १९६९मध्ये राष्ट्रपती राजवट उठली आणि चंद्रभानू गुप्ता मुख्यमंत्री झाले. त्या उन्हाळ्यातच वनस्पती कारखान्यांच्या सवलतीचा फेरविचार सुरू झाला. २० जानेवारी १९७०ला सरकारने कळवलं की पूर्ण माफी नाही. पहिल्या वर्षी साडेतीन टक्के, दुसऱ्या वर्षी तीन आणि तिसऱ्या वर्षी अडीच टक्के दराने कर भरावा लागेल. पुढच्याच महिन्यात गुप्ता गेले, चरणसिंह आले. कारखाना जवळजवळ उभा झालेला. हातचं सोडून पळत्याच्या मागे कोण लागणार? २५ जूनला कंपनीने कळवलं, तीच सवलत घेतो. २ जुलै १९७०ला उत्पादन सुरू झालं. १२ ऑगस्टला वर्तमानपत्रात बातमी आली की ही सवलतसुद्धा रद्द.

बातमीने सुरू झालेला व्यवहार बातमीनेच मोडला.

कंपनी अलाहाबाद उच्च न्यायालयात गेली आणि हरली. जूनमध्ये तुम्ही कमी सवलत स्वीकारलीत, म्हणजे पूर्ण माफीचा हक्क तुम्हीच सोडलात, असं तिथे ठरलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं, तेव्हा पीठावर दोन न्यायमूर्ती होते: पी. एन. भगवती आणि मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीला गेलेले व्ही. डी. तुळजापूरकर.

अडचण खरी होती, कारण करार म्हणून पाहिलं तर कंपनीच्या हातात काहीच नव्हतं. १८७२च्या करार कायद्यानुसार वचनाला प्रतिफल लागतं. करमाफीच्या बदल्यात कंपनीने सरकारला काही देऊ केलेलं नव्हतं. शिवाय राज्य सरकारचा करार राज्यपालांच्या नावाने आणि अधिकृत व्यक्तीच्या सहीनेच व्हावा लागतो, असं संविधानाचा अनुच्छेद २९९ सांगतो. मुख्य सचिवांचं पत्र म्हणजे असा करार नव्हे. पुरावा कायद्यातलं विबंधाचं कलमही तोकडं पडत होतं, कारण ते घडलेल्या वस्तुस्थितीबद्दलच्या विधानाला बांधतं, उद्याच्या आश्वासनाला नाही.

वाट होती ती ‘प्रॉमिसरी एस्टॉपेल’ची, म्हणजे वचनविबंधाची. इंग्लंडमध्ये हे तत्त्व १९४७च्या हाय ट्रीज खटल्यात न्यायमूर्ती डेनिंग यांनी नव्याने उभं केलं होतं. युद्धकाळात लंडनच्या एका इमारतीचं वर्षाचं भाडं अडीच हजार पौंडांवरून निम्मं करण्यात आलं होतं. त्या काळापुरतं उरलेलं निम्मं मागून वसूल करता येणार नाही, असं त्यांनी म्हटलं. पण तिथल्या न्यायालयांनी या तत्त्वाला एक मर्यादा घातली. ते ढाल म्हणून वापरा, तलवार म्हणून नाही. बचावापुरतं ठीक, त्याच्या आधारे दावा लावता येणार नाही.

या तत्त्वाच्या भारतीय इतिहासात मुंबईचा वाटा मोठा आहे आणि तो मराठी वाचकाला फारसा ठाऊक नसतो. १८६५मध्ये मुंबई सरकारने नगरपालिकेला जुन्या बाजाराची जागा सोडायला लावली आणि बदल्यात नवी जागा दिली. बाजार लोकांच्याच उपयोगाचा, तेव्हा भाडं नको, असं ठरावात लिहिलं. नगरपालिकेने तिथे सतरा लाखांहून अधिक रुपये घालून मंडई उभारली. हीच क्रॉफर्ड मार्केट, आजची महात्मा जोतिबा फुले मंडई. १९४०मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी त्या जागेवर सारा बसवला. तिथेही रीतसर दस्त झालेला नव्हताच. १९५१मध्ये सर्वोच्च न्यायालयात पालिका जिंकली. बहुमताचा मुख्य आधार इतक्या वर्षांच्या वहिवाटीचा होता. न्यायमूर्ती चंद्रशेखर अय्यर यांनी मात्र न्याय्यतेवर बोट ठेवलं: शब्दावर विसंबून लोकांनी पैसा घातल्यावर सरकारला फिरता येत नाही. मग आलं उल्हासनगर. शहाडच्या कारखान्याला जकातीतून सात वर्षं सूट देण्याचं आश्वासन मिळालं होतं आणि नगरपालिका ते मोडू पाहत होती. उच्च न्यायालयाने अर्ज दाखल होतानाच फेटाळला. १९७०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे चुकीचं ठरवून प्रकरण पुन्हा ऐकायला लावलं. सार्वजनिक संस्थाही वचनाला बांधील आहेत, असं त्या निकालात स्पष्ट म्हटलं आहे.

या सगळ्याची जुळणी भगवतींनी केली. १२ डिसेंबर १९७८ला, मुख्य सचिवांच्या त्या भेटीला बरोबर दहा वर्षं होत असताना, निकाल लागला. सरकारने स्पष्ट वचन दिलं, समोरचा त्यावर विसंबेल हे सरकारला माहीत होतं आणि तो खरोखर विसंबला, तर सरकार बांधील आहे. प्रतिफल नसलं तरी आणि अनुच्छेद २९९चा सोपस्कार झाला नसला तरी. या आधारावर दावाही लावता येईल. ढाल-तलवारीचा भेद त्यांनी इथल्यापुरता मोडीत काढला. कारखान्याला तर नफाच झाला, नुकसान कुठे, असा सरकारचा युक्तिवाद होता. वचनावर विसंबून पाऊल उचललं एवढं पुरे, हे त्यावर उत्तर. हक्क सोडल्याचा मुद्दाही टिकला नाही. हक्क सोडला म्हणायचं तर तो आपल्याला आहे हे माणसाला माहीत असायला हवं, आणि प्रत्येकाला कायदा ठाऊक असतो असं गृहीत धरता येत नाही. कायदेमंडळाला हे तत्त्व बांधत नाही. सार्वजनिक हित आड येत असेल तर सरकार सुटू शकतं, पण ते हित त्यानेच पुराव्यानिशी दाखवायचं. २ जुलै १९७०पासून तीन वर्षांची करमाफी कंपनीला मिळाली.

वाद तिथे संपला नाही. १९८०मध्ये हरियाणातल्या बहादूरगढच्या जकात प्रकरणात, ‘जीतराम शिवकुमार’ खटल्यात, फजल अली आणि कैलासम या दोन न्यायमूर्तींनी मोतीलालचा निकाल मानायला नकार दिला. दोघांच्या पीठाने दोघांच्याच पीठाचा निकाल उडवून लावणं शिस्तीला धरून नव्हतं. पटलं नाही तर प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवायचं असतं. १९८५मध्ये गॉडफ्रे फिलिप्स खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने नेमकं हेच सुनावलं आणि मोतीलालची बाजू पुन्हा पक्की केली. तो निकाल लिहिणारेही भगवतीच, आता सरन्यायाधीश म्हणून. स्वतःच्या निकालाचा बचाव स्वतःच करणं काहींना खटकेल, पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. २०२०मध्ये झारखंडच्या वीजशुल्क सवलतीच्या प्रकरणात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने धोरण जाहीर करून ते वेळेत न पाळणाऱ्या सरकारला पुन्हा त्याच्या शब्दाची आठवण करून दिली.

ही सगळी प्रकरणं गिरण्या, कारखाने आणि महापालिकांची आहेत. हे या तत्त्वाचं दुबळेपण आहे आणि ते मान्य करायला हवं. दिल्लीपर्यंत दहा वर्षं लढायची ऐपत किती जणांची? तेलीबागच्या माणसाच्या मापाचा निकाल लखनौतूनच आला, पण वेगळ्या दाराने. ‘लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता’ या खटल्यातल्या ग्राहकाने १९८८मध्ये सदनिकेचे पूर्ण पैसे भरले होते आणि ताबा मिळत नव्हता. आम्ही वैधानिक संस्था, ग्राहक कायदा आम्हाला लागू नाही, असं प्राधिकरण म्हणालं. ५ नोव्हेंबर १९९३ला न्यायमूर्ती आर. एम. सहाय यांनी ते फेटाळलं. घरबांधणी ही सेवाच आहे असं सांगून मनस्तापाची भरपाई जबाबदार अधिकाऱ्यांच्या खिशातून वसूल करण्याचा आदेश दिला. सामान्य घरखरेदीदाराच्या दृष्टीने हा निकाल मोतीलालइतकाच मोलाचा आहे. त्यानंतर २०१६चा रेरा कायदा आला. २०१९च्या ग्राहक कायद्याने एकतर्फी, जाचक करारांविरुद्ध राज्य आयोगाकडे जाण्याची सोयही केली.

तरीही कोणत्याही दारात पहिला प्रश्न तोच असतो: कागद काय आहे? म्हणून एवढंच सांगणं. घराच्या, सवलतीच्या, पुनर्वसनाच्या कामासाठी सरकारी कार्यालयात जाल आणि साहेब तोंडी काही कबूल करतील, तेव्हा दुसऱ्याच दिवशी ते पत्रात लिहा. तारीख, भेटलेल्या अधिकाऱ्याचं पद आणि नेमकं काय कबूल झालं ते घाला. या शब्दावर विसंबून तुम्ही कोणता खर्च करणार आहात, तेही लिहा. पत्र आवकमध्ये देऊन पोच घ्या. ‘विचार करू’ असं उत्तर आलं तर त्यावर कर्ज काढू नका, पुन्हा लिहून स्पष्ट होकार मागा. सवलत कापून दिली आणि नाइलाजाने घ्यावी लागली, तर मूळ हक्क राखून घेत आहोत, ही ओळ पत्रात घालायला विसरू नका. नेमकी ही ओळ नसल्यामुळे कंपनी अलाहाबादला हरली होती.

ज्यांच्या सहीने शब्द दिले जातात त्यांनाही एक विनंती. सही करण्यापूर्वी तिजोरीचा हिशेब करा. एकदा केलीत की तिला जागा.