आधी चौक, मग दार

कलाकेंद्राचा नकाशा समोर आला की समिती पहिल्यांदा भांडते ती कमानीवरून. नटराज बसवायचा की सरस्वती, देणगीदारांची संगमरवरी पाटी डावीकडे की उजवीकडे. चौकाचा विषय निघतो तो वाहनतळ आखून उरलेल्या जागेचं काय करायचं, म्हणून. माझं मत याच्या अगदी उलट आहे, आणि ते अहमदाबादेत हिंडून झालं आहे.

पालडीतलं संस्कार केंद्र हे ल कॉर्बुझिए यांनी आखलेलं शहराचं संग्रहालय. पायाभरणी 1954 सालची. उघड्या विटांची जवळजवळ बिनखिडक्यांची पेटी काँक्रीटच्या खांबांवर उचलून धरलेली. दर्शनी दार शोधत भोवती प्रदक्षिणा घाला, सापडायचं नाही. खांबांमधून सरळ इमारतीच्या पोटाखाली शिरायचं. डोक्यावर छत, डोळ्यांना सावली. आणि चार पावलांवर मधला चौक, वर मोकळं आभाळ. तिथून संथ चढाचा रॅम्प दालनांकडे नेतो. रस्त्यावरची घाई अंगातून उतरायला जेवढा वेळ लागतो, तेवढा हा रस्ता देतो. मला तर आतल्या वस्तूंपेक्षा हे येणंच जास्त आवडत आलं आहे. आज इमारतीची रया गेली आहे, तरी नकाशाचं शहाणपण लपत नाही.

आपल्या वाड्यांत हेच होतं. दिंडीतून वाकून आत, देवडीचा अंधार, मग चौकाचा उजेड. कॉर्बुझिएंच्या अहमदाबादेतल्या कामांवर देखरेख करणारे बाळकृष्ण दोशी 1927 साली पुण्यात जन्मलेले. वाड्याची देवडी त्यांच्याबरोबर पालडीला पोचली, असं लिहायचा मोह होतो. पण आराखडा कॉर्बुझिएंचा, तेव्हा आवरतं घेतो.

अहमदाबादेतच दोशींनी स्वतः आखलेल्या स्थापत्यशाळेत मात्र हा मोह आवरायचं कारण नाही. तिथे स्टुडिओंच्या खालून माणूस आरपार चालत जातो. भव्य प्रवेशद्वार असं नाहीच. त्याच आवारात 1984 साली कनोरिया कलाकेंद्र आलं. तेही दोशींचं, तेही विटांचं. चित्रकार, शिल्पकार, मातीकाम करणारे तिथे शेजारी शेजारी काम करतात. या आवारात फिरताना विटेचा खरा गुण कळतो. तीच वीट भिंत होते, पायरी होते, कट्टा होते आणि जमीनही. पायरी 15 सेंटिमीटर उंच ठेवली की चढायला, 45 ठेवली की बसायला. अशा दोन-तीन बसायच्या पायऱ्या चौकाच्या एका अंगाला दिल्या की वेगळ्या प्रेक्षागृहाशिवाय बैठक रंगते.

रिवाज म्हणून थोडा इतिहास. सिंधू संस्कृतीतल्या विटा उंचीच्या दुप्पट रुंद, चौपट लांब. शनिवारवाड्याचा तट खाली दगडी, वर विटांचा. अहमदाबादच्याच आयआयएममध्ये लुई कान यांच्या विटांच्या कमानी. पुढे जाऊ.

महाराष्ट्रात असा विटांचा चौक करायचा तर पहिली अडचण मातीचीच. काळी माती वाळताना आकसते, तडकते, म्हणून भट्टीवाले तीत राख मिसळतात. फरशीसाठी वीट निवडताना दोन विटा एकमेकींवर आपटून बघाव्यात. खणखणीत वाजली तर घ्या, बद्द आवाज आला तर भिंतीच्या आतल्या थरात जाऊ द्या. रंगाच्या मोहात पडू नये. एका गावच्या चौकात सगळ्या विटा एकाच लाल छटेच्या हव्यात म्हणून जादा भाजलेल्या, काळपट विटा परत पाठवल्या गेल्याचं मी पाहिलं. फरशीला त्याच टिकल्या असत्या!

जमिनीवर वीट कडेवर उभी मांडावी, पलंगासारखी पसरू नये. खाली खडी, तिच्यावर वाळू. जिथून हातगाड्या आणि ढोल-ताशांची पथकं जाणार, तिथे काटकोनात एकमेकींत अडकवलेली हेरिंगबोन मांडणी; ती सरकत नाही. काठाला पक्की किनार हवीच, नाहीतर दोन पावसाळ्यांत सगळा चौक पसरतो. दर मीटरला दीड-दोन सेंटिमीटर उतार, तोही दारापासून दूर. सांध्यांत सिमेंट नको, वाळू भरा. पाणी मुरतं, आणि एखादी वीट फुटली तर तेवढीच काढून दुसरी बसवता येते.

उरला लोणा. विटेतल्या ओलीबरोबर क्षार वर येतात, पाणी उडून जातं आणि पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं. उद्घाटन तोंडावर असतं, समिती घाबरते, कुणीतरी चकचकीत पॉलिश सुचवतं. पॉलिशने ओल आत कोंडते, क्षार पृष्ठभागाखाली साठतात आणि विटेचे पापुद्रे सुटायला लागतात. कोरड्या ब्रशने झाडावं, दोन उन्हाळे थांबावं, आणि पॉलिशचा खर्च सावलीच्या झाडांवर करावा.