हरवलेली वाणी आणि छंदाचा आधार

‘डॉक्टर, आजोबांना पाणी मागता येत नाही; पण मनाचे श्लोक मात्र घडाघडा म्हणतात. हे सोंग तर नव्हे?’ पक्षाघाताने वाणी गेलेल्या रुग्णाचे आप्त सावेडीतील माझ्या दवाखान्यात हा प्रश्न अनेकदा विचारतात.

वाचकहो, हे सोंग नव्हे. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की नवे वाक्य जुळविण्याची शक्ती बहुधा दुबळी होते. बालपणी पाठ केलेले, तालात बसलेले बोल मात्र पुष्कळदा टिकून राहतात.

त्या बोलांची घडण समजून घ्या. ऱ्हस्व अक्षर लघू, त्याची एक मात्रा; दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या दोन. लघु-गुरु-गुरु हा ‘य’ गण. ‘नगारा’ हा शब्द सलग चार वेळा उच्चारा : बारा अक्षरे, वीस मात्रा. समर्थांच्या मनाच्या श्लोकांचे भुजंगप्रयात वृत्त ते हेच. ओवी याहून मोकळी. आपल्याच जिल्ह्यात, नेवासे येथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या ओवीत पहिल्या तीन चरणांचे यमक जुळते, चौथा आखूड असतो; अक्षरसंख्येचे बंधन नाही.

या लयीचा उपयोग उपचारातही होतो. १९७३ मध्ये बोस्टनच्या तज्ज्ञांनी सूर व ताल यांच्या आधारे वाणी परत आणण्याची पद्धत मांडली. वाचा-उपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने घरीही थोडा सराव करता येतो :

• रुग्णासमोर बसून, त्यांच्या हातावर हलका ताल धरून चरण संथपणे म्हणा.
• शेवटच्या शब्दापूर्वी थांबा. तो त्यांना पूर्ण करू द्या. चुकल्यास टोकू नका.
• मग ‘पाणी द्या’, ‘बरं वाटतं’ अशी रोजची वाक्ये त्याच तालात घ्या.
• एका वेळी दहा मिनिटे पुरेत. दम लागल्यास किंवा चक्कर आल्यास थांबा. तोंडात घास असताना सराव नको.

श्लोक आठवतात म्हणजे सारे बोलणे परतेलच, असे नाही. तोवर पाणी, औषध, शौच यांच्या चित्रांचा तक्ता जवळ ठेवा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. अचानक तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोबडी वळली, तर सराव नव्हे, रुग्णालय गाठा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.