ऑफिसच्या लॅपटॉपचं अपडेट अडलं तर...

आमच्या खारदांड्यातल्या कोळ्यांच्या घरांतूनही हल्ली एखादा मुलगा किंवा मुलगी ऑफिसचा लॅपटॉप घेऊन बसलेली दिसते. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण संगणकावर मराठी टाइप करतो, एवढ्या भांडवलावर ही मुलं माझ्याकडे येतात. "चाचा, अपडेट होत नाहीये. ऑफिसवाले म्हणतात, तूच काहीतरी केलं असशील." या शेवटच्या वाक्यासाठीच आज बोलतोय.

ऑफिसनं दिलेलं यंत्र म्हणजे भाड्याची खोली. राहता तुम्ही, भिंत पाडायची मुभा मालकाला. कोणतं अपडेट कधी यायचं, किती दिवस लांबवायचं, हे आयटी विभाग दुरून ठरवतो. त्यामुळे नेटवर वाचलेले घरगुती उपाय इथे बहुधा चालत नाहीत.

तरी आपल्या हातात थोडं असतंच. अपडेट कोणत्या पायरीवर अडलं ते आधी पाहावं. डाउनलोडच होत नसेल तर नेट, ऑफिसचं व्हीपीएन आणि यंत्रातली तारीख-वेळ तपासावी. घड्याळ फार चुकलेलं असेल, तर समोरच्या सर्व्हरचं खरं प्रमाणपत्रही यंत्राला बाद वाटतं. डाउनलोड होऊन इन्स्टॉल होत नसेल तर जागा पाहावी. आणि रीस्टार्टची सूचना तुम्ही आठवडाभर पुढे ढकलत असाल, तर तो बिघाडच नव्हे. लॅपटॉपचं झाकण लावणं म्हणजे रीस्टार्ट नाही, हे मी किती जणांना सांगितलं असेल!

जागेचा मामला मात्र फसवा. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी 'केबी ५०३४४४१' हे सुरक्षेचं अपडेट आलं आणि अनेक यंत्रांवर ते बसेना. मुख्य डिस्कवर जागा भरपूर, तरी तेच. कारण अपडेट होतं डिस्कच्या लपलेल्या 'रिकव्हरी' कप्प्यासाठी आणि तिथे २५० एमबी मोकळी जागा हवी होती. कपाट रिकामं, चोरकप्पा भरलेला! पडद्यावर जागेचं नावही नाही, नुसता इन्स्टॉल न झाल्याचा मोघम कोड. योग्य कोडऐवजी हा भलताच दिसतो, हे मायक्रोसॉफ्टनंच कबूल केलं. कप्पा वाढवायला ॲडमिनचे अधिकार लागतात. आता सांगा, यात वापरणाऱ्याचा काय दोष?

कधी अपडेटच यंत्राला आडवं करतं. १९ जुलै २०२४ ला सकाळी पावणेदहाच्या आत क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट सुटलं आणि जगभरात विंडोजची सुमारे ८५ लाख यंत्रं निळ्या पडद्यावर येऊन थांबली. इथून जवळच असलेल्या मुंबई विमानतळावरही चेक-इन रखडलं. देशात अनेकांच्या हाती पेनानं लिहिलेले बोर्डिंग पास पडले. कंपनीनं अपडेट ७८ मिनिटांत मागे घेतलं, पण अडकलेली असंख्य यंत्रं दुरून हलेनात. एकेका यंत्रासमोर बसून, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढावी लागली. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हवी आणि ती सहसा ऑफिसकडे.

म्हणून मुलांना म्हणतो, बाबांनो, रजिस्ट्रीत हात घालू नका. एरर कोडचा फोटो काढा. तारीख, वेळ, शिल्लक जागा आणि कोणत्या पायरीवर अडलं हे ईमेलनं कळवा. तोंडी सांगितलेलं उद्या कुणाच्या लक्षात राहत नाही.

यंत्राचाच जीव लहान असेल तर मात्र कसलाच उपाय चालत नाही. राज्यातल्या अंगणवाडी सेविकांना सरकारनं दिलेले मोबाइल २ जीबी रॅमचे होते. २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' हे नवं ॲप आलं. फोन अडकतात, तापतात, दुरुस्तीचा खर्च आमच्याच माथी येतो, अशा सेविकांच्या तक्रारी होत्या. त्या ऑगस्टमध्ये त्यांनी जागोजागी मोर्चे काढून ते फोन सरकारच्या कार्यालयांत परत नेऊन दिले.