मनोरा हवा की तार पुरे?

हौशी रेडिओचा, म्हणजे ज्याला सर्वत्र 'हॅम रेडिओ' म्हणतात त्याचा विषय वर्गात निघाला की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा उभा राहतो तो गच्चीवरचा उंच लोखंडी मनोरा. मग हमखास प्रश्न येतो, "सर, किती उंच लागेल?" या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. संदेश कोठे पोहोचवायचा, कोणत्या तरंगलांबीवर आणि वाटेत काय आडवे येते, हे ठरल्याशिवाय उंचीचा आकडा सांगता येत नाही. म्हणून एक खरे ठिकाण घेऊ आणि हिशेब करून पाहू. ठिकाण आहे नाशिक जिल्ह्यातील कळवण.

कळवण गिरणेच्या खोऱ्यात वसले आहे. दक्षिणेला दहा-पंधरा किलोमीटरवर सातमाळ्याची रांग आडवी पसरली आहे. सप्तशृंगी, मार्कंड्या, धोडप ही तिचीच शिखरे. नाशिक शहर या रांगेच्या पलीकडे, सरळ रेषेत सुमारे ६० किलोमीटरवर आहे. एरवी हे अंतर भ्रमणध्वनीवर क्षणात पार होते. पण त्याच्या मनोऱ्याला वीज लागते, आणि वीज गेल्यावर बॅटऱ्या काही तासच पुरतात. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हौशी रेडिओचालक आपली यंत्रे घेऊन तेथे मदतीला गेले होते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद यांचा गट हौशी प्रक्षेपणासाठी पोर्ट ब्लेअरला गेलेला होता. अंदमानचा मुख्य भूमीशी संपर्क तुटल्यावर त्यांच्या अँटेना कामी आल्या. डोंगराळ तालुक्यात असे एक केंद्र चालू स्थितीत असणे ही नुसती हौस नव्हे. मात्र प्रक्षेपण करायचे तर केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. 'नुसते करून पाहू' हे येथे चालत नाही.

हाती धरण्याजोगे छोटे संच बहुधा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. या लहरींची लांबी सुमारे २ मीटर. त्या जवळजवळ प्रकाशासारख्या सरळ जातात, म्हणून त्यांनाही क्षितिज असते. अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणले की रेडिओ क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. ९ मीटरवरच्या अँटेनाला ते सुमारे १२ किलोमीटर येते. हे अंतर दुप्पट करायचे तर उंची चौपट, म्हणजे ३६ मीटर करावी लागेल! वर्गमूळ असे महागात पडते. आणि हा हिशेब सपाट जमिनीचा आहे. येथे तर शेकडो मीटर उंचीची रांग मध्ये उभी आहे. तिच्या पायथ्याशी नऊ मीटरचा खांब काय आणि तीस मीटरचा काय, नाशिक डोंगराआडच राहणार. डोंगरमाथ्यावर संदेश घेऊन पुढे पाठवणारे पुनःप्रक्षेपक केंद्र असेल तरच हा पट्टा उपयोगी. एरवी तालुक्यातल्या तालुक्यात बोलण्यापुरता तो उत्तम.

मग डोंगर ओलांडायचा कसा? वरून! ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहरी सुमारे ४२ मीटर लांबीच्या असतात. त्या जवळपास सरळ वर धाडल्या, तर काहीशे किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरावरून परावर्तित होऊन खाली येतात. अंगणातल्या कारंजाचे पाणी जसे वर जाऊन भोवती पसरते, तशा त्या दोन-तीनशे किलोमीटरच्या परिसरात पसरतात. मध्ये डोंगर असो वा दरी, त्यांना फरक पडत नाही. दिवसा हे बहुधा साधते. पहाटेपूर्वी आयनांबर विरळ झालेले असते, तेव्हा याच लहरी त्याला भेदून निघून जाऊ शकतात.

आता मौज पाहा. लहरी सरळ वर धाडायच्या तर अँटेना फार उंच असून चालत नाही. आडव्या तारेतून निघालेल्या लहरींपैकी काही वर जातात, काही खाली जमिनीवर आपटून वर येतात. परावर्तनात त्यांची कला उलटते, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडतो. तार जमिनीपासून पाव तरंगलांबीवर असेल, तर जाण्यायेण्यात आणखी अर्ध्या लांबीचा फरक पडतो. दोन्ही मिळून एक पूर्ण तरंग होतो आणि वर जाणाऱ्या दोन्ही लहरी एकमेकींना बळ देतात. तार अर्ध्या तरंगलांबीवर नेली की हिशेब उलटा होतो. डोक्यावरच्या दिशेला त्या एकमेकींना खोडतात आणि ऊर्जा तिरपी, दूर जाते. ७ मेगाहर्ट्झला पाव लांबी सुमारे साडेदहा मीटर भरते. कळवणहून परदेशाशी बोलायचे असेल तर वीस-बावीस मीटरचा मनोरा उपयोगी पडेल. नाशिकशी बोलायला तोच मनोरा अडचण होईल. आठ-नऊ मीटरवरची तार पुरे. उंच मनोऱ्याच्या हव्यासापायी हे साधे गणित पुष्कळांच्या नजरेतून सुटते.

ही तार म्हणजे अर्धतरंग डायपोल. तिची एकूण लांबी मीटरमध्ये काढण्यासाठी १४२.५ ला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागावे. ७.१ मेगाहर्ट्झसाठी उत्तर येते २०.०७ मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटरचे दोन बाहू. घरगुती वायरिंगची तांब्याची तार चालते. तार थोडी लांबच कापावी आणि मापक लावून टोकांकडून कमी करत आणावी. कमी झालेली तार वाढवणे त्रासाचे. मध्यभागी एकच खांब उभारून दोन्ही बाहू तंबूच्या दोऱ्यांसारखे उतरते बांधले तरी काम भागते. मात्र प्रक्षेपण चालू असताना टोकांशी विद्युतदाब बराच असतो. टोके तीन मीटरच्या खाली आणू नयेत. खाली मुले खेळतात, गुरे बांधलेली असतात.

स्लॅबचे एकमजली घर असेल तर गच्चीची उंची आयतीच मिळते, वर चार-पाच मीटरचा पाइप पुरतो. घर कौलारू किंवा पत्र्याचे असेल, अथवा शाळेच्या मैदानात उभारायचे असेल, तर जमिनीतूनच नऊ मीटरचा खांब हवा. येथे रेडिओ बाजूला राहतो आणि स्थापत्यशास्त्र सुरू होते.

समजा, आपण ४२ मिलिमीटर बाह्य व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा जी.आय. पाइप नुसता काँक्रीटमध्ये रोवून उभा केला. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. हा रोजचा वारा नव्हे, पन्नास वर्षांत एखादे वेळी येईल असा झोत. वाऱ्याचा दाब काढायचे सूत्र सोपे आहे: वेगाचा वर्ग गुणिले ०.६. उत्तर येते चौरस मीटरला सुमारे ९१३ न्यूटन. पाइपचे वाऱ्यासमोरचे क्षेत्रफळ ०.३८ चौरस मीटर. गोल पाइपसाठी १.२ हा गुणक घेतला की एकूण बल सुमारे ४१६ न्यूटन, म्हणजे ४२ किलो वजनाइतके होते. ते मध्यावर, साडेचार मीटरवर लागते असे मानले तर बुडाशी प्रतिबल चौरस मिलिमीटरला सुमारे ५२० न्यूटन येते. साधे पोलाद २५० च्या आसपास कायमचे वाकते. पाइप वाकणारच! उलटे गणित केले तर ताशी ९५ किलोमीटरच्या आसपासच तो वाकू लागेल, आणि वळवाच्या वादळातला एखादा झोत तेथवर पोहोचू शकतो.

यावरचा उपाय वीजमंडळाच्या खांबांना आपण रोज पाहतो: ताण, म्हणजेच स्टे. सहा मीटर उंचीवर १२० अंशांच्या अंतराने तीन ताण बांधावेत. वाऱ्याचे बल वरच्याप्रमाणेच धरले, तर ताणाच्या जोडापाशी आडवे ओढ-बल सुमारे ३१० न्यूटन येते. ताणाची खुंटी बुडापासून सहा मीटरवर रोवली, तर तारेवर सुमारे ४४० न्यूटनचा ताण पडतो. जागा नाही म्हणून ती दोन मीटरवर रोवली, तर तोच ताण ९९० न्यूटन होतो आणि खांबही तितक्याच जोराने खाली दाबला जातो. अकरावीच्या विद्यार्थ्यांना बलांचे विघटन शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. गच्चीवर पुष्कळदा ताण विटांच्या कठड्याला बांधलेले दिसतात. चार इंची कठडा आडव्या ओढीसाठी बांधलेला नसतो. ताण स्लॅबमध्ये किंवा काँक्रीटच्या खांबात बसवलेल्या कडीला बांधावा.

ताणाच्या पोलादी तारेत मध्ये मध्ये चिनीमातीचे 'अंडे' घालावे. एरवी ती लांब तार स्वतःच अँटेनासारखी वागू लागते आणि डायपोलचे काम बिघडवते. या अंड्यात तारेचे दोन्ही फासे एकमेकांत अडकलेले असतात. त्यामुळे अंडे फुटले तरी ताण सुटत नाही.

खांबाच्या बुडाशी बिजागरी ठेवली, तर दुरुस्तीसाठी खांब आडवा करता येतो, वर चढावे लागत नाही. पण तो आडवा करताना, किंवा न करता पडला तर, कोठे पडेल? खांबाची पूर्ण उंची आणि तारेचे बाहू धरून त्या वर्तुळात महावितरणची एकही तार असता कामा नये. याला अपवाद नाही. जागा नसेल तर खांब ठेंगणा करावा किंवा बेत सोडावा.

विजेचा हिशेबही असाच रोखठोक आहे. आकाशातल्या विजेचा प्रवाह ३० हजार अँपिअर धरला आणि भूसंपर्काचा रोध १० ओहम असेल, तर ओहमच्या नियमाने खांब क्षणभर ३ लाख व्होल्टवर चढतो. घराच्या वायरिंगचा भूसंपर्क वेगळा आणि खांबाचा वेगळा असेल, तर हा फरक घरातल्या यंत्रांतून आणि माणसांतून वाट काढतो. म्हणून दोन्ही भूसंपर्क जाड पट्टीने एकमेकांना जोडलेले असावेत. हे काम परवानाधारक विद्युत कारागिराकडूनच करून घ्यावे. ढग जमू लागले की केबल संचापासून सोडवून घराबाहेर ठेवावी. गडगडाट ऐकू आल्यावर मात्र तिला हातही लावू नये.

केबलबद्दल थोडेसेच. आरजी-५८ जातीच्या ३० मीटर केबलमध्ये ७ मेगाहर्ट्झला सुमारे पाव शक्ती वाया जाते, तर १४५ मेगाहर्ट्झला तब्बल पाऊण. म्हणजे दोन मीटरच्या पट्ट्यासाठी उंची वाढवून लांब, हलकी केबल लावणाऱ्याने एका हाताने मिळवले आणि दुसऱ्याने घालवले. केबलचे वरचे तोंड पाणी शिरणार नाही असे बंद करावे. घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोका द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच निथळेल.

उभारणी दोन दिवसांचे काम, देखभाल मात्र कायमची. मृगाच्या आधी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा, अशी वर्षातून दोनदा तपासणी पुरेशी आहे. उन्हाने नायलॉनच्या दोऱ्या ठिसूळ होतात, त्या मनगटाच्या झटक्याने तुटतात का पाहावे. जस्ताच्या मुलाम्यावर तांबे थेट टेकले असेल तर ओलाव्यात जस्त खाल्ले जाते. अशा जागी पांढरी भुकटी दिसते. खांबाचे बूड हातोडीने हलके ठोकावे. आतून गंजलेल्या पाइपचा आवाज बोथट येतो. तांब्याची तार ओढीने लांबते, म्हणून डायपोलचे मापही पुन्हा घ्यावे.

ताण किती घट्ट आहेत हे तर विद्यार्थीच मोजू शकतात. साडेआठ मीटर लांबीच्या ताणाला खुंटीजवळ हाताने हलका ठोसा द्यावा. लाट वर जाऊन परत येते आणि तारेवर ठेवलेल्या बोटांना तिचा धक्का कळतो. ४ मिलिमीटर जाडीच्या, मीटरला सुमारे ६० ग्रॅम भरणाऱ्या पोलादी दोरात ४०० न्यूटन ताण असेल, तर लाटेच्या दहा फेऱ्यांना सुमारे २ सेकंद लागतात. ४ सेकंद लागले तर ताण चौथाईवर आला आहे. तीन ताणांचे तीन आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवावेत आणि ज्याचा आकडा इतरांपेक्षा फार वाढला असेल त्याची खुंटी जमिनीत हलली आहे का, हे आधी पाहावे.